पहिल्या दिवसाची घाई

१९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ची विक्री देशभर सुरू झाली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अ‍ॅपलच्या दुकानाबाहेर आदल्या रात्रीपासूनच लोक येऊन थांबले होते. सकाळी त्या रांगेत धक्काबुक्की झाली, काही जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. त्याच दिवशी ती दृश्यं राज्यभरच्या मोबाइलवर फिरली. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या माणसाला ही रांग फार लांबची वाटेल, आणि अंतराने ती आहेही. इथून मुंबईपेक्षा सुरतच जवळ. पण रांगेमागची घाई गावापर्यंत येते. ती कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हट्टातून येते, शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या दुकानात ‘स्टॉक नाही, वरचे द्यावे लागतील’ या वाक्यातून येते आणि शेवटी फायनान्सच्या कागदावरच्या सहीपर्यंत जाते. तेव्हा ज्यांच्या घरात नव्या फोनचा विषय निघाला आहे किंवा निघणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सांगायचं एवढंच की फोन जरूर घ्या, परवडत असेल तर भारीतला घ्या, पण पहिल्या दिवशी आणि पहिल्या महिन्यात घेऊ नका. ती घाई आपली नसते. विकणाऱ्याने ती आपल्यात तयार केलेली असते आणि तिचा भुर्दंड आपल्यासोबत असे अनेक जण भरतात ज्यांचा त्या फोनशी काही संबंधही नसतो.

घाई ‘तयार केलेली’ असते, या म्हणण्याला पुरावा हवा. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला. एअरटेल आणि व्होडाफोनने मध्यरात्री दुकानं उघडी ठेवून विक्री सुरू केली. किंमत होती ३१,००० रुपये आणि गर्दी अपेक्षेएवढी जमली नाही. त्याच दिवशी पोलंडमध्येही तो फोन विक्रीला आला. तिथल्या ऑरेंज या मोबाइल कंपनीने वीस दुकानांसमोर पैसे देऊन माणसं रांगेत उभी केली होती आणि उत्सुकता वाढावी म्हणून हे केलं, असं कंपनीच्या प्रवक्त्यानेच मान्य केलं. म्हणजे रांग ही जाहिरातीची वस्तू आहे, हे विकणाऱ्याला तेव्हाच पक्कं ठाऊक होतं. मग प्रश्न येतो, रांगेशिवाय विक्री होत नाही का? याचंही उत्तर मिळालेलं आहे. २०१५ साली अ‍ॅपलने घड्याळ बाजारात आणलं तेव्हा आधी ऑनलाइन नोंदणीच घेतली, आणि दुकानाबाहेर ताटकळण्याचे दिवस आता संपले, असं कंपनीच्या किरकोळ विक्रीच्या प्रमुखांनी आपल्या कर्मचाऱ्यांना कळवलं. २०२०च्या शेवटी करोनामुळे जगभर गर्दीवर निर्बंध होते. रात्र-रात्र रांगा लावण्याची सोय नव्हती. त्याच ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत अ‍ॅपलची उलाढाल कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदाच दहा हजार कोटी डॉलरच्या पुढे गेली. नेमका आकडा ११,१४० कोटी डॉलर. एवढं झाल्यावरही दुकानासमोर झुंबड उडते, कॅमेरे लागतात, पहिल्या ग्राहकाचं टाळ्या वाजवून स्वागत होतं. विकणाऱ्याला ती गर्दी टाळता येत नाही, असं आता म्हणता येणार नाही. ती त्याला हवी असते, म्हणून तिच्यात होणाऱ्या धक्काबुक्कीची पहिली जबाबदारीही त्याच्याच पदरात टाकली पाहिजे.

ब्राह्मणपुरीत दुकानाबाहेरची रांग नसेल, पण पडद्यावरची रांग आहे आणि ती तशाच पद्धतीने चालते. २ सप्टेंबर २०१४ रोजी शाओमीने रेडमी १एस हा ५,९९९ रुपयांचा फोन फ्लिपकार्टवर विक्रीला ठेवला आणि ४० हजार फोन ४.२ सेकंदांत संपल्याचं जाहीर केलं. ज्याच्या गावात नेटवर्कच्या दोन कांड्या येतात त्याला चार सेकंदांत बटण दाबता येणार नव्हतं, हे उघड आहे. ‘संपला’ हा शब्द मात्र त्याच्यापर्यंत बरोबर पोचला आणि पुढच्या वेळी तो आणखी अधीर होऊन बसला. याहून वाईट उदाहरण फेब्रुवारी २०१६चं. नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. नोंदणी उघडताच संकेतस्थळ कोलमडलं, काही कोटी लोकांनी नाव नोंदवल्याचा दावा कंपनीने केला. एवढ्या पैशात फोन बनूच शकत नाही, हे मोबाइल उत्पादकांची संघटना सांगत होती. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी जाहीरपणे संशय व्यक्त केला होता. पुढच्या वर्षी एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला गाझियाबाद पोलिसांनी अटक केली. सव्वा लाखाच्या फोनची रांग आणि अडीचशे रुपयांच्या फोनची रांग यांत माणसं वेगळी आहेत, खिसे वेगळे आहेत, पण मनावर येणारा दाब एकच आहे: आत्ता घेतला नाही तर राहिला. या दाबाखाली माणूस आकडेमोड करत नाही, आणि कोणत्याही जाहिरातीत ‘आत्ताच’ हा शब्द दिसला की बोट मागे घेण्याची सवय मुलांना लावणं म्हणूनच फार महत्त्वाचं आहे.

आता भुर्दंड कोण भरतो ते पाहू, कारण नैतिकतेचा खरा प्रश्न इथे आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी बीजिंगमध्ये आयफोन ४एसची विक्री सुरू व्हायची होती. दुकानाबाहेर कडाक्याच्या थंडीत रात्रभर थांबलेल्यांत कितीतरी जण फोन घ्यायला आलेलेच नव्हते. काळा बाजार करणाऱ्यांनी मजुरीवर आणून उभी केलेली ती माणसं होती. गर्दी आवरणार नाही असं दिसल्यावर दुकान उघडलंच नाही, चिडलेल्या लोकांनी इमारतीवर अंडी फेकली आणि पोलिसांना यावं लागलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे, एका माणसाने लॉस एंजेलिसमधल्या बेघर लोकांना गाडीत घालून आणलं, प्रत्येकी ४० डॉलरचा वायदा करून रात्रभर रांगेत बसवलं, आणि गडबड झाल्यावर त्यातल्या अनेकांना पैसे न मिळताच परतावं लागलं. आपल्या देशातली उदाहरणं आणखी जवळची आहेत. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकात कोलारजवळच्या नरसापूर इथल्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात, जिथे आयफोन जोडले जात होते, थकलेल्या पगारावरून कामगारांचा उद्रेक झाला. अ‍ॅपलने केलेल्या चौकशीत कामाच्या तासांची नोंद नीट ठेवली गेली नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पगार काहींना उशिरा मिळाले, असं निघालं. विस्ट्रॉनला नवं काम देणं काही काळ थांबवण्यात आलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच नव्या मालाच्या मागणीचे महिने. कारखाना भराभर वाढवला, माणसं भराभर भरली, आणि हिशेब मागे पडला तो त्यांच्या पगाराचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्याच अरसीकेरे इथे एका तरुणाने ऑनलाइन मागवलेल्या जुन्या आयफोनचे पैसे द्यायला नव्हते म्हणून तो घेऊन आलेल्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा खून केल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. हा गुन्हा एका माणसाचा आहे, त्याचा दोष कंपनीवर टाकता येणार नाही. पण एखादी वस्तू हाती असणं हीच माणसाची पत, हे दिवसरात्र ठसवलं गेलं की कुठेतरी कोणाचा तरी तोल जातो, हे नाकारताही येणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हौसेला मोल नसतं, स्वतःच्या पैशाने कोणी रात्रभर उभा राहिला तर तुमचं काय गेलं? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करून पुढे जायला हवं. विशेषतः खेड्यातल्या मुलाने महागड्या फोनचं स्वप्नच पाहू नये, असा सूर अनेकदा लावला जातो. तो चुकीचा आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २०१०च्या सप्टेंबरमध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. तेव्हापासून अनुदान, पीकविमा, शिष्यवृत्ती, बँक सगळं फोनवर आलं आहे. चांगला फोन ही इथल्या माणसाची गरज आहे, चैन नव्हे. पण गरज फोनची आहे, पहिल्या दिवसाची नाही. आणि हौस म्हणायची तर तिचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. आयफोन १७ची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे २६६ दिवसांची मजुरी, एक रुपया दुसरीकडे न खर्चता. १७ प्रो घ्यायचा तर १,३४,९०० रुपये, म्हणजे ४३२ दिवस. ज्याच्या घरी बागायत आहे, ऊस-केळीचा पैसा येतो, त्याला हा आकडा वेगळा दिसेल. त्याने घ्यावा. मुद्दा एवढाच की हौस ज्याची, पैसा त्याचाच असावा. बापाच्या नावावरचा हप्ता हा मुलाचा ‘स्वतःचा पैसा’ होत नाही.

थांबून काय मिळतं, हे इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ‘थांबा’ हा सल्ला नुसता दिला तर तो कोणी ऐकत नाही. पहिली गोष्ट सुरक्षिततेची. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन १९ ऑगस्ट २०१६ रोजी अनेक देशांत विक्रीला आला. बॅटरी पेट घेऊ लागल्या, आणि दोनच आठवड्यांत, २ सप्टेंबरला, कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. बदलून दिलेलेही पेटू लागले तेव्हा ११ ऑक्टोबरला तो फोन कायमचा बंद झाला. पहिल्या दिवशी ज्यांनी घेतला, चाचणी त्यांच्या खिशात झाली; ज्यांनी दोन महिने दम धरला त्यांना काहीच गमवावं लागलं नाही. भारतात तर विक्री सुरू होण्याआधीच तो थांबवला गेला. एवढं टोकाचं दर वेळी घडत नाही, पण लहानसहान दोष पहिल्या खेपेत नेहमी निघतात. आयफोन १५ प्रो २२ सप्टेंबर २०२३ला आला, तो तापतो अशा तक्रारी आल्या, कंपनीने दोष मान्य केला आणि ४ ऑक्टोबरला दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं. दुसरी गोष्ट किमतीची. आयफोन १६ सप्टेंबर २०२४ मध्ये ७९,९०० रुपयांना आला. वर्षाने १७ आल्यावर कंपनीनेच तो ६९,९०० केला आणि त्याच महिन्यात फ्लिपकार्टच्या सणाच्या सेलमध्ये त्याची जाहिरात ५१,९९९ रुपयांना झाली. एक वर्ष थांबण्याचे सुमारे २८ हजार रुपये. तेवढ्यात तो फोन जुनाट झाला होता का? २०१९च्या आयफोन ११लासुद्धा कंपनीने २०२५ची आयओएस २६ ही कार्यप्रणाली दिली आहे. सहा वर्षांपूर्वीचा फोन जिथे चालतो, तिथे सहा आठवडे उशिरा घेतल्याने काय बिघडणार?

इथे दुकानदार आणि मुलं दोघेही म्हणतात, ‘थांबलो तर स्टॉक संपेल, मग ब्लॅकने घ्यावा लागेल.’ अनुभव उलटा आहे. टंचाई पहिल्या काही आठवड्यांत असते, मग माल येतच राहतो, कारण विकणं हाच त्यांचा धंदा आहे. वरचे पैसे द्यावे लागतात ते घाई करणाऱ्याला. आणि ते द्यायचे का, याचं उत्तर कायद्यात आहे. फोनच्या सीलबंद खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, तीत सगळे कर धरलेले असतात, आणि तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणं हा वैधमापनशास्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ‘फोन हवा तर कव्हर, काच आणि विमा घ्यावाच लागेल’ ही सक्तीही चालत नाही. एका वस्तूसाठी दुसरी घ्यायला भाग पाडणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथे काम झालं नाही तर नंदुरबारचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. मात्र हातात पक्कं बिल हवं. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हा सौदा पत्करलात, तर पुढे ना वॉरंटी ना तक्रार. खोकं घेताना सील तुटलेलं नाही ना पाहा. फोन तिथेच चालू करून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पडद्यावर येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच असले पाहिजेत. जुना फोन घेत असाल तर हे अधिकच जपा: इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोन काळ्या यादीतला आहे का ते कळतं. गर्दीच्या दिवशी दुकानात यातलं काहीच कोणी करू देत नाही, हेही थांबण्याचं एक कारण.

हप्त्यांचं प्रकरण वेगळंच आहे आणि आपल्या भागात खरं नुकसान तिथेच होतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी किमतीत दाखवलेली असते. ८२,९०० रुपयांचा फोन क्रेडिट कार्डवर सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचं व्याज वर्षाला १६ टक्के धरलं, तर व्याज होतं सुमारे ३,७४० रुपये. ती सूट मिळाली तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६७० रुपये, तुमच्याच खात्यातून जातो, शिवाय प्रक्रिया शुल्क. हे फार नाही, असं कोणी म्हणेल, आणि हप्ते वेळेवर भरणाऱ्याला ते खरंच फार नाही. भीती हप्ता चुकण्याची आहे. शेतीचा पैसा महिन्याच्या पाच तारखेला येत नाही, तो माल विकल्यावर येतो. खात्यात शिल्लक नसली की बँकेचा दंड वेगळा आणि फायनान्स कंपनीचा वेगळा, आणि त्याची नोंद सिबिलच्या अहवालात जाते. उद्या ट्रॅक्टरसाठी, ठिबकसाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की तीच नोंद समोर येते. म्हणून सहीपूर्वी तीन आकडे लिहून मागा: एकूण किती भरायचे, हप्ता चुकला तर किती, आणि मुदतीआधी फेडलं तर किती. दुकानातला एजंट हे सांगायला टाळाटाळ करत असेल तर त्या दिवशी घरी या.

‘यात्रेतही गर्दी होतेच, मग फोनच्या गर्दीवर एवढं का?’ असाही एक प्रश्न येतो. शहादा तालुक्याला गर्दी नवी नाही. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताच्या यात्रेला आणि घोड्यांच्या बाजाराला मोठा समुदाय जमतो. पण तिथे दर्शन संपत नाही. पुढच्याला मिळालं म्हणून मागच्याचं कमी होत नाही. फोनच्या रांगेत पुढचा प्रत्येक माणूस तुमचा प्रतिस्पर्धी असतो आणि ‘माल संपला’ ही नुसती अफवाही रांगेला पुढे रेटायला पुरते. यात्रेसाठी प्रशासन आधी बसून आराखडा करतं. दुकानाच्या दारात उसळलेल्या गर्दीसाठी बहुधा चार सुरक्षारक्षक असतात. आपल्याकडे फोनच्या रांगेत अजून मोठी दुर्घटना झालेली नाही, हे खरं आहे. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसं गेली, तीही रोजच्याच गर्दीत, तेव्हा ‘अजून झालं नाही’ यावर विसंबू नये. शहरात शिकणारी मुलं जाणार असतील तर त्यांना एवढं सांगून ठेवा: खांद्याला खांदा घट्ट लागला आणि स्वतःच्या मर्जीने पाऊल टाकता येईना, तर तिथून निघायची वेळ झाली. दोन्ही हात कोपरात दुमडून छातीपुढे धरा, कारण अशा गर्दीत माणूस तुडवला जाण्यापेक्षा छातीवरच्या दाबाने श्वास कोंडून जास्त वेळा मरतो. उलट दिशेने रेटू नका, लोट ओसरला की तिरकं सरकत कडेला या. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, ती कितीही महाग असली तरी.

घरात हा विषय काढताना उपदेशाने काम होत नाही. ‘आमच्या वेळी’ असं सुरू केलंत की पोरगा उठून जातो. त्याच्यासोबत बसून वरचे आकडे मांडा. फोन घ्यायचा हे मान्य करा आणि तारीख ठरवा: आला त्या दिवसापासून किमान सहा आठवडे, किंवा मागच्या वर्षीचा घ्यायचा असेल तर सणाचा सेल. ती तारीख आली की शब्द पाळा, कारण तुम्ही टोलवलंत तर पुढच्या वेळी तो तुम्हाला न सांगता हप्ता उचलेल. आणि शहादा, नंदुरबार, तळोद्याच्या दुकानदारांना एक विनंती. बीजिंगमधल्या त्या गोंधळानंतर हाँगकाँगमध्ये ओळखपत्र पाहून नोंदणी आणि सोडत काढून फोन दिले गेले. तुम्हाला तर एक वही पुरेल. नवा फोन येणार असेल तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि घेतलेली आगाऊ रक्कम वहीत लिहा, पावती द्या, माल येईल तसा त्याच क्रमाने फोन करून बोलवा आणि खोक्यावरच्या किमतीला, कव्हर-काचेची सक्ती न करता द्या. यंदाच्या नव्या फोनपासून ही वही सुरू करा आणि गिऱ्हाइकाने मागितली तर ती त्याला उघडून दाखवा.